एक लाख टनांची बॅटलशिप: सुरुवात तोफेपासून नाही, गोदीपासून करायची

प्रश्न असा आला होता की १९२२ चा वॉशिंग्टन करार झालाच नसता, टनेजवर कुणी बंधन घातलंच नसतं, तर १९३० च्या दशकातल्या तंत्रज्ञानात एक लाख टनांची आणि २० इंची तोफांची बॅटलशिप बांधता आली असती का, आणि तुम्ही असता तर ती कशी डिझाइन केली असती. विचारणारा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याने स्वतः काढलेलं स्केचही पाठवलंय, पाच टरेट (तोफांचे फिरते चिलखती बुरूज), प्रत्येकात तीन तोफा, ३५ नॉट (ताशी सागरी मैल) स्पीड. मी एकतीस वर्षं जहाजबांधणीत आहे, त्यातली बरीचशी वजनाचा हिशोब आणि स्टॅबिलिटी याच टेबलावर गेली, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

स्केच मन लावून काढलंयस, टरेटचे फायरिंग आर्क्स, म्हणजे प्रत्येक टरेट कुठून कुठपर्यंत मारा करू शकतो, ते पण दाखवलेस, हे फार कमी जण करतात. पण तू तोफ ठरवलीस, मग तोफा बसतील एवढं जहाज काढलंस, मग ते जहाज पळेल एवढं इंजिन लिहिलंस. मी उलट्या बाजूने जातो. पहिला प्रश्न असा की हे जहाज कुठे बांधणार, आणि बांधल्यावर दर वर्षा-दीड वर्षाने तळ घासायला कुठे नेणार?

मुंबईचंच घे. इंदिरा डॉकला लागून ह्यूज ड्रायडॉक (पाणी उपसून जहाज कोरडं करायची गोदी) आहे, १९१४ सालचा, लांबी १००० फूट आणि रुंदी १०० फूट. त्या काळात सुएझच्या पूर्वेला असे ड्रायडॉक मोजकेच होते. लांबीला काही अडचण नाही, अडतं ते रुंदीला. १९२७ ची ब्रिटिश नेल्सन, कराराच्या ३५,००० टनांच्या मर्यादेत राहून बांधलेली, ती सुद्धा १०६ फूट रुंद होती, म्हणजे या दारातून आत आली नसती. जपानची दुसऱ्या महायुद्धातली बॅटलशिप यामाटो ३८.९ मीटर, म्हणजे १२७ फुटांच्या वर. तुझ्या स्केचमधलं जहाज १५० फुटांचं आहे. ते जगात कुठल्या गोदीत शिरेल हे आधी बघ, यादी खूप छोटी निघते. सिंगापूरचा मोठा ड्रायडॉक १९३८ मध्ये उघडला, ब्रिटिशांनी तो बांधला तो याच कारणासाठी, कारण पूर्वेकडे बॅटलफ्लीट पाठवायचा तर त्याला डॉक करायला जागा हवी, नाहीतर तळावर शेवाळ आणि बार्नेकल धरून सहा महिन्यांत दोन नॉट स्पीड जातो आणि टॉर्पेडो लागला तर दुरुस्तीला हजारो मैल मागे जावं लागतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फ्रान्समधल्या सेंट नाझेरचं आहे. नॉर्मंडी या प्रवासी जहाजासाठी तिथे ३५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद डॉक बांधला होता. जर्मनीची बॅटलशिप टिर्पिट्झ अटलांटिकमध्ये आली तर तिला त्या किनाऱ्यावर घेऊ शकेल असा तो एकच डॉक होता, म्हणून मार्च १९४२ मध्ये ब्रिटिशांनी कॅम्पबेलटाउन ही जुनी डिस्ट्रॉयर स्फोटकं भरून सरळ डॉकच्या दारावर नेऊन घातली, आणि तो डॉक युद्ध संपेपर्यंत कामाला आला नाही. जहाजाला हातही न लावता जहाजाचं डॉकच काढून घेतलं. डिझायनरने हे पक्कं डोक्यात ठेवायला हवं.

अमेरिकेला वेगळी अडचण होती, पनामा कालव्याची. लॉकची, म्हणजे जहाज वर-खाली नेणाऱ्या कुंडाची, रुंदी ११० फूट, लांबी १००० फूट. त्यांचा आयोवा क्लास, म्हणजे एकाच डिझाइनच्या बॅटलशिपचा गट, १०८ फूट २ इंच रुंद आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अकरा-अकरा इंच जागा. सिनेटर टिलमन यांनी १९१६-१७ मध्ये अमेरिकन नेव्हीला विचारलं होतं की तुम्ही दरवर्षी थोडी थोडी मोठी बॅटलशिप मागता, एकदाच सांगा की सगळ्यात मोठी किती होऊ शकते, आणि नेव्हीने जी स्केचेस काढली त्यांची हद्द त्याच लॉकने आखलेली होती, ८०,००० टनांपर्यंत गेली, एकात तर २४ तोफा, १६ इंची, एका टरेटमध्ये सहा. ती कागदावरच राहिली. पण त्यातून हे कळतं की एवढं मोठं जहाज ११० फुटांत कोंबायला गेलं की ते लांब आणि अरुंद होतं, आणि अरुंद जहाजाला पाण्याखालचं संरक्षण नीट देता येत नाही, त्यावर पुढे येतो. जपानने यामाटोचा सगळा जुगार याच अकरा इंचांवर लावला होता, की १८ इंची तोफांचं, चांगलं चिलखत असलेलं जहाज अमेरिकेने बांधलं तर ते पनामातून जाणार नाही. अमेरिकेने शेवटी मोंटाना क्लासमध्ये १२१ फूट रुंदी मान्य केली आणि कालव्यावर १४० फुटी नवीन लॉक खणायला घेतली, मग युद्धात दोन्ही रद्द झालं.

जपानला तरी काय काय करावं लागलं बघ. कुरेचा बांधणी डॉक यामाटोसाठी एक मीटर खोल करावा लागला. तिची जुळी मुसाशी नागासाकीला स्लिपवेवर, म्हणजे पाण्याकडे उतरत्या धक्क्यावर, बांधली, १ नोव्हेंबर १९४० ला पाण्यात सोडली तेव्हा जवळपास ३६,००० टनांचा सांगाडा अरुंद बंदरात घसरला आणि त्याची लाट समोरच्या किनाऱ्यावरच्या घरांत शिरली. टरेट वाहून न्यायला काशिनो नावाचं वेगळं जहाज बांधलं, कारण एकेक टरेट २,५०० टनांच्या आसपास, म्हणजे त्या काळातली एक मोठी डिस्ट्रॉयर. हा सगळा खर्च बॅटलशिपच्या खात्यात धरायचा असतो, स्केचमध्ये तो दिसत नाही.

आता एक लाख टन. यामाटो फुल लोड (सगळं भरून) ७२,००० टन धर, लांबी २६३ मीटर, ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, १०.९ मीटर. तेच जहाज तिन्ही बाजूंनी सारखं मोठं करून एक लाख टन करायचं तर प्रत्येक माप सुमारे ११.६ टक्के वाढतं, घनमूळ काढून बघ. लांबी २९३, रुंदी ४३.४, ड्राफ्ट १२.२ मीटर. लांबी-रुंदी एक वेळ जमेल, हा १२.२ मीटर ड्राफ्ट नाही जमत. जर्मनीचा कील कालवा ११ मीटर खोल. सुएझमधून तेव्हा एवढा ड्राफ्ट जाण्याचा प्रश्नच नव्हता. आणि हे सपाट पाण्यात, एका बाजूला दोन कंपार्टमेंट भरून जहाज कललं की ड्राफ्ट आणखी दीड-दोन मीटर वाढतो, म्हणजे जखमी जहाज स्वतःच्याच बंदरात घेता येत नाही. जर्मनांचं एच-४४ नावाचं जे कागदी डिझाइन नेटवर फिरतं, ३४५ मीटर लांब आणि १,३१,००० टन स्टँडर्ड (म्हणजे इंधन न धरता), आठ तोफा २० इंची, त्याच्याबद्दल लोक फार कौतुकाने लिहितात, पण त्याला बांधायला स्लिप नव्हती आणि ठेवायला बंदर नव्हतं.

म्हणून मी ड्राफ्ट आधी बांधून घेतो. ११ मीटर, फुल लोडला, त्याच्या वर एक इंच नाही. रुंदी ४०.५ मीटर, वॉटरलाइनला लांबी २८५ मीटर. ब्लॉक कोएफिशंट, म्हणजे लांबी-रुंदी-ड्राफ्टच्या चौकोनी ठोकळ्याचा किती भाग जहाज भरतं, तो ०.६३. गुणाकार करून बघ, २८५ गुणिले ४०.५ गुणिले ११ गुणिले ०.६३ गुणिले समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, उत्तर ८२,००० टनांच्या जवळ येतं. हे माझं जहाज. एक लाख नाही, ब्याऐंशी हजार. उरलेले अठरा हजार टन मी हट्टाने सोडून दिलेत.

स्पीडचं गणित. ॲडमिरल्टी कोएफिशंट म्हणून जुनी पद्धत आहे, वजनाचा दोन-तृतीयांश घात गुणिले स्पीडचा घन, भागिले हॉर्सपॉवर. यामाटोच्या ट्रायलचे आकडे घातले, ६९,१०० टन, २७.४६ नॉट, सुमारे १,५३,५०० हॉर्सपॉवर, तर कोएफिशंट २२७ येतो. हाच माझ्या जहाजाला लाव. २८ नॉटला १.८२ लाख हॉर्सपॉवर, ३० नॉटला २.२५ लाख, ३३ नॉटला जवळपास ३ लाख. शेवटच्या पाच नॉटसाठी इंजिन दीडपटीच्या वर जातं, घन असतो तो, दया करत नाही. तुझ्या एक लाख टनांच्या जहाजाला ३५ नॉटसाठी चार लाखांच्या वर लागतील, म्हणजे दोन आयोवांची पूर्ण इंजिनं एका पोटात, आणि मग त्या इंजिनांभोवती चिलखत, आणि त्या चिलखतासाठी आणखी लांबी. पद्धत ढोबळ आहे, लांब जहाजाला कोएफिशंट थोडा बरा मिळतो, पाण्याच्या टाकीत मॉडेल ओढून केलेल्या टँक टेस्टनंतर आकडे हलतात, पण चार लाखांचे दोन लाख होत नाहीत.

त्या काळात एका शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, विश्वासाने किती हॉर्सपॉवर घालता येत होती? आयोवात ५३,०००. चार शाफ्ट धरले तर दोन लाखांच्या आसपास, म्हणजे माझं जहाज २९ नॉटच्या जरा अलीकडे थांबतं. मला ते पुरेसं आहे. पण हे अमेरिकन बॉयलरने. आयोवाने आठ बॉयलरमध्ये २,१२,००० हॉर्सपॉवर काढली, यामाटोने बारा बॉयलरमध्ये १,५०,०००. दर बॉयलर दुपटीहून जास्त फरक, कारण अमेरिकन वाफ सुमारे ४५० अंशांची आणि जपानी ३२५ अंशांची. बॅटलशिपची तुलना करताना लोक तोफांचे आकडे शेजारी शेजारी लिहितात, मी बॉयलर रूमची लांबी बघतो, कारण ती जेवढी लांब तेवढं चिलखत लांब. जपानने आधी २९४ मीटरचं, ३१ नॉटचं, दोन लाख हॉर्सपॉवरचं स्केच काढलं होतं, १९३५ च्या सुरुवातीला, आणि तिथून खाली येत येत २७ नॉटवर आले. डिझेल पण लावायची होती, ती मोठी डिझेल दुसऱ्या जहाजांवर त्रास द्यायला लागली तशी रद्द केली, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण चिलखती डेकखाली गेलेलं इंजिन बदलायला वर काढता येत नाही, वरचं ८-९ इंची पोलाद कापावं लागेल.

आता तोफा, जिथून तू सुरुवात केली होतीस. गोळ्याचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं आणि टरेट ढोबळमानाने तसंच. १८ वरून २० इंच म्हणजे १.३७ पट. २,५०० टनांचा टरेट ३,४०० च्या पुढे जातो, असे पाच म्हणजे १७,००० टन नुसते फिरणारे टरेट, त्याखालचे बार्बेट (टरेट ज्यावर बसतो ते चिलखती नळकांडं) आणि मॅगझीन (दारूगोळ्याची कोठारं) वेगळी. आणि हे सगळं जहाजाच्या उंच भागात, स्टॅबिलिटीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागी.

मी १८ इंची पण घेत नाही. बारा तोफा, १६ इंची, चार टरेटमध्ये तीन-तीन. कारण सांगतो. यामाटोचा ४६ सेंटिमीटरचा गोळा १,४६० किलो, नऊ तोफा, एका सॅल्व्होत (एकाच वेळच्या माऱ्यात) १३,१४० किलो. अमेरिकेचा जड १६ इंची गोळा १,२२५ किलो, बारा तोफा, १४,७०० किलो. छोटी तोफ, पण एकूण वजन जास्त आणि गोळे नऊऐवजी बारा. लांबच्या पल्ल्यावर गोळे पसरतात, शंभरात मोजके लागतात, तिथे एकेका गोळ्याच्या ताकदीपेक्षा किती गोळे त्या पसाऱ्यात पडतात हे जास्त महत्त्वाचं. टरेटचं वजनही बघ, आयोवाचा तीन तोफांचा टरेट सुमारे १,७०० टन, चार म्हणजे ६,८००, यामाटोचे तीन म्हणजे ७,५००. शिवाय मोठ्या तोफेचा धक्का, म्हणजे ब्लास्ट, हा वेगळाच प्रकार, यामाटोवर डेकवर उघड्या बोटी ठेवता येत नव्हत्या, त्या मागच्या बाजूला आत शेडमध्ये ठेवायच्या, आणि विमानविरोधी तोफांनाही ब्लास्टपासून झाकणं द्यावी लागली. चार टरेटचा तोटा आहे, सिटाडेल म्हणजे चिलखती पेटी लांब होते. तो मी मान्य करतो, तेवढे टन माझ्याकडे आहेत.

मोठ्या जहाजाचा खरा फायदा इथे आहे आणि तो तोफेत नाही. चिलखत हे क्षेत्रफळावर लागतं, वजन उचलण्याची ताकद आकारमानावर. जहाज प्रत्येक मापात १० टक्के मोठं केलं तर डिस्प्लेसमेंट, म्हणजे जहाजाचं एकूण वजन, ३३ टक्के वाढतं, त्याच जाडीच्या चिलखताचं वजन फक्त २१ टक्के. म्हणजे मोठ्या जहाजात त्याच संरक्षणाला टक्केवारीने कमी वजन लागतं आणि उरलेलं दुसरीकडे वापरता येतं. तू ते उरलेलं सगळं तोफांत घातलंस. मी ते पाण्याखाली घालणार आहे.

चिलखताची जाडी मनाला येईल तशी लिहायची नसते. इम्यून झोन काढायचा, जवळून येणारा गोळा सपाट येतो आणि बाजूचा पट्टा फोडतो, लांबून येणारा वरून पडतो आणि डेक फोडतो, या दोन अंतरांच्या मधली जी पट्टी उरते तिथे आपण सुरक्षित. यामाटोला स्वतःच्याच तोफेविरुद्ध २० ते ३० किलोमीटरचा झोन हवा होता, त्यासाठी बाजूला ४१० मिमी, २० अंश कललेलं, आणि डेक २०० मिमी किंवा जास्त. आता २० इंची तोफेविरुद्ध हेच करायला गेलास तर पट्टा १८ इंचांच्या आसपास जातो, आणि एवढ्या जाडीची एकसंध प्लेट चांगल्या प्रतीची बनवणं जपानला सुद्धा जमण्यासारखं नव्हतं, यामाटोनंतरच्या डिझाइनमध्ये दोन प्लेटा एकावर एक लावायचा विचार होता, आणि दोन प्लेटा मिळून तेवढ्याच जाडीच्या एका प्लेटएवढ्या कधीच होत नाहीत. रशियाने सोवेत्स्की सोयूझ क्लास १९३८ मध्ये सुरू केला तर २३० मिमीच्या वरची सिमेंटेड, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग कठीण केलेली, प्लेट त्यांना नीट जमेना. डिझाइन ऑफिसमधला माणूस ड्रॉइंगवर ४५० लिहितो, पोलाद कारखान्यातला माणूस भट्टीसमोर उभा असतो, त्याला विचारल्याशिवाय तो आकडा लिहायचा नाही. मी ४०० मिमीच्या आत राहतो, कललेलं, आतल्या बाजूला.

आता पाण्याखाली. इथे मी थोडा जास्त वेळ घेतो कारण जहाजं बुडतात ती इथून.

१९२४ मध्ये जपानने तोसा या अर्धवट बॅटलशिपवर चाचण्या केल्या, वॉशिंग्टन करारामुळे ती रद्द झाली होती, सांगाडा तयार होता. त्यात असं दिसलं की जहाजाच्या अलीकडे पाण्यात पडलेला गोळा पाण्याखालून सरळ पुढे जाऊन पट्ट्याच्या खालून आत शिरू शकतो. फार मोलाची माहिती होती ती, आणि त्यांनी ती गुप्त ठेवली. त्यातून दोन गोष्टी निघाल्या, एक म्हणजे पाण्याखालून जाण्यासाठी बनवलेला खास गोळा, आणि दुसरी म्हणजे यामाटोचा मुख्य पट्टा संपतो तिथून खाली तळापर्यंत निमुळता होत जाणारा दुसरा चिलखती पट्टा. कल्पना उत्तम. आता हा वरचा ४१० मिमीचा पट्टा आणि खालचा २०० मिमीचा पट्टा जिथे भेटतात तो सांधा डोळ्यांसमोर आण. वरची प्लेट प्रचंड जड, ताठ, खालची पातळ, आणि दोघींना धरून ठेवणारं काम रिव्हेटचं आणि त्यामागच्या आधाराच्या बीमचं. टॉर्पेडोचा धक्का आला की प्लेट वाकत नाही, अख्खी प्लेट आत ढकलली जाते, आणि सगळा भार सांध्यावर येतो. २५ डिसेंबर १९४३ ला पॅसिफिकमधल्या ट्रूक बेटांजवळ अमेरिकन पाणबुडी स्केटचा टॉर्पेडो यामाटोला मागच्या टरेटच्या बाजूला लागला, सांधा सुटला, आतला बीम मागच्या बल्कहेडमध्ये (आतल्या उभ्या भिंतीत) घुसला आणि ३,००० टनांच्या आसपास पाणी आत आलं, मॅगझीनच्या वरच्या मजल्यापर्यंत. एका टॉर्पेडोने. जहाजाला फारसं काही झालं नाही, ते स्वतःच्या इंजिनावर परत गेलं, पण डिझाइन करणाऱ्यांना त्या रात्री झोप आली नसेल.

मी हा भाग वाचला तेव्हा मला आमच्याकडचं एक जहाज आठवलं, युद्धनौका नव्हे, साधं कामाचं जहाज. त्यात जुन्या भागाला नवीन भाग जोडताना जाड प्लेट पातळ प्लेटला थेट जोडली होती, मध्ये उतार न देता. दोन वर्षांनी डॉकमध्ये आलं तेव्हा वेल्डच्या कडेने केसाएवढी रेघ, बोटाने लागत नव्हती, लाल डाय लावून पुसल्यावर पांढऱ्या पावडरवर हळूहळू उमटत गेली, हातभर लांब. तिथे धक्का नव्हता, नुसत्या लाटा होत्या. जाडी अचानक बदलली की ताकद तिथे गोळा होते, एवढंच कारण.

म्हणून माझ्या जहाजात पाण्याखालचं काम लवचीक. बाहेरून आत, आधी रिकामा कप्पा, मग तेलाने किंवा पाण्याने भरलेले दोन कप्पे, मग परत रिकामा, मग शेवटचा होल्डिंग बल्कहेड, सगळे पातळ, ताणले जातील पण फाटणार नाहीत अशा पोलादाचे. रिकाम्या कप्प्यात स्फोटाचा वायू पसरतो, द्रव धक्का वाटून घेतो. या सगळ्याला खोली लागते, यामाटोकडे मध्यभागी सुमारे ५ मीटर होती, मला ७ हवी, आणि ४०.५ मीटर रुंदी मी त्यासाठीच घेतली, टरेटसाठी नाही. बाहेरून डोळ्यांना याचं काहीच दिसत नाही. मुसाशीवर २४ ऑक्टोबर १९४४ ला टॉर्पेडोंचा मारा झाला तेव्हा मधली चिलखती पेटी बराच वेळ टिकली, पण पुढचा चिलखत नसलेला भाग भरत गेला, नाक खाली जात जात पुढचा डेक पाण्याला टेकला. त्यामुळे टोकांना चिलखत नको असलं तरी छोटे छोटे कप्पे हवेतच, आणि सिटाडेल एकटी तरंगली पाहिजे, दोन्ही टोकं भरली आहेत असं धरून स्टॅबिलिटी काढायची.

मागची बाजू. जर्मन बॅटलशिप बिस्मार्कचं रडर (सुकाणू) मे १९४१ मध्ये एका टॉर्पेडोने अडकलं. ब्रिटिश बॅटलशिप प्रिन्स ऑफ वेल्सला डिसेंबर १९४१ मध्ये डावीकडच्या बाहेरच्या शाफ्टजवळ टॉर्पेडो लागला, वाकलेला शाफ्ट फिरत राहिला, त्याने सगळे ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारी सीलं) उखडले आणि शाफ्टच्या बोगद्यातून पाणी आत आलं, वीज गेली, तोफा बंद पडल्या. दोन्ही चांगली जहाजं. शेपटीला चिलखताची पेटी घालून भागत नाही, कारण शाफ्ट आणि रडर बाहेरच असतात. माझ्याकडे यावर पूर्ण उत्तर नाही, कुणाकडेच नव्हतं. दोन रडर शेजारी शेजारी, एकामागे एक नाही, यामाटोचं छोटं रडर मोठ्याच्या पुढे होतं आणि त्या छोट्याने एकट्याने जहाज वळवता येत नव्हतं. आतले दोन शाफ्ट स्केगच्या, म्हणजे तळाला मागे असलेल्या पंखासारख्या भिंतीच्या, आत. स्टिअरिंगच्या खोल्या दोन, मध्ये जाड बल्कहेड. आणि वीज भरपूर, यामाटोकडे ४,८०० किलोवॉट होती, आयोवाकडे १०,०००, मी १२,००० धरतो, अर्धी टर्बोजनरेटर आणि अर्धी डिझेल, जहाजाच्या दोन टोकांना वाटून, कारण पंप, रडर, टरेट, फायर कंट्रोल, सगळं त्यावर.

लांबीचा विचार थोडक्यात सांगतो. लाटेवर जहाज तुळईसारखं वाकतं, ढोबळ सूत्र म्हणजे वजन गुणिले लांबी भागिले ३५. माझ्या जहाजाला ६.७ लाख टन-मीटर येतं. मोठं आहे, पण सिटाडेलचा डेक आणि तळ यात पोलाद भरपूर असतं. सिटाडेल संपते तिथे काळजी घ्यायची, परत तीच गोष्ट, जाडी अचानक बदलते.

आणि मग वजनाची वही, जिच्यात प्रत्येक वस्तूचं वजन आणि उंची लिहितात. मला विचारशील तर मोठ्या जहाजाचं डिझाइन म्हणजे ९० टक्के ही वही. जपानच्या तोमोझुरू या टॉर्पेडो बोटीचं काय झालं वाच, मार्च १९३४, छोट्या सांगाड्यावर जास्त हत्यारं चढवली आणि वादळात ती उलटली. पुढच्याच वर्षी टायफूनमध्ये दोन डिस्ट्रॉयरची नाकं तुटून गेली, ठपका वेल्डिंगवरही आला. त्यामुळे यामाटो करताना ते लोक वेल्डिंगला आणि वरच्या वजनाला घाबरून होते, आणि बरोबर घाबरून होते.

वजन कसं वाढतं ते मी जवळून बघितलंय. प्रत्येक खरेदीत पंप दोन-तीन टक्के जड येतो, केबल ड्रॉइंगपेक्षा जास्त लागते, रंगाचे हात वाढतात, आणि कुणीतरी वरच्या डेकवर एक ‘छोटं’ कपाट मागतं. शेवटी इन्क्लायनिंगच्या, म्हणजे जहाज मुद्दाम कलवून बघायच्या चाचणीच्या, दिवशी खरं बाहेर येतं. पहाटे करतात, वारा नसताना, भरती-ओहोटी स्थिर असताना, दोर सैल सोडतात, माणसं खाली उतरवतात. जहाजाच्या आत एक लांब तारेला लंबक टांगलेला असतो, खाली तेलाच्या बादलीत बुडवलेला म्हणजे तो हलत राहू नये, आणि मागे आडवी पट्टी. क्रेनने डेकवरचं वजन डावीकडून उजवीकडे ठेवतात, जहाज अगदी थोडं कलतं, तार पट्टीवर काही मिलिमीटर सरकते, आणि तू पेन्सिलने खूण करतोस. त्या काही मिलिमीटरवरून जहाजाचा गुरुत्वमध्य कळतो. एकदा आमच्या जहाजात खूण अपेक्षेपेक्षा पुढे गेली, म्हणजे गुरुत्वमध्य वर होता, परत केलं, तेच आलं. दोन महिने आम्ही तळात लोखंडी बॅलास्ट भरत होतो आणि तेवढं वजन कायमचं त्या जहाजाने वाहिलं, स्पीडमधून वजा झालं. ते छोटं जहाज होतं. ८२,००० टनांच्या जहाजात ही चूक बॅलास्टने सुधारत नाही, ड्राफ्ट ११ च्या वर जातो आणि गोदीचा सगळा हिशोब बिघडतो.

म्हणून मी सुरुवातीलाच ३,००० टन मार्जिन बाजूला ठेवतो आणि त्याला कुणालाही हात लावू देत नाही. १९३७ मध्ये डिझाइन केलेल्या जहाजावर १९४४ मध्ये काय चढवावं लागेल हे १९३७ मध्ये कळत नाही. यामाटोवर सुरुवातीला २५ मिमीच्या २४ तोफा होत्या, शेवटी दीडशेच्या आसपास गेल्या, प्रत्येकीला माणसं, दारूगोळा, आणि सगळं उंचावर. त्यांच्याकडे पुढचा विचार करून ठेवलेलं वजन होतं म्हणून ते जमलं तरी.

विमानवाहू जहाजांपुढे हे सगळं व्यर्थ होतं असं कुणी म्हणेल, आणि १९४२ नंतर ते खरं आहे, मुसाशी आणि यामाटो दोन्ही विमानांनीच बुडवली. पण १९३५ च्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे रात्री आणि खराब हवेत उडू शकणारं विमान नव्हतं, रडार नव्हतं, त्याने समोर होतं त्यावर हिशोब केला. तू पण तसाच कर, पुढचं माहीत असल्याचा फायदा घेऊ नकोस.

आता स्केच परत काढ. पाचवा टरेट काढून टाक, तोफा १६ इंची कर, रुंदी १५० वरून १३३ फुटांवर आण. मग एका कागदावर सहा ओळी लिही, हल, चिलखत, मशिनरी, तोफा आणि दारूगोळा, इंधन-पाणी-सामान, मार्जिन, आणि प्रत्येकासमोर टन आणि कीलपासून (तळाच्या कण्यापासून) उंची. बेरीज ८२,००० च्या आत बसते का बघ. पहिल्यांदा बसणार नाही, माझी पण बसत नाही. कुठून किती काढलंस आणि का, ते लिहून पाठव, आणि स्टिअरिंगची खोली कुठे ठेवलीस ते वेगळ्या रंगाने दाखव.